यंत्रापाशीं मोकळें झालेलें मन

यंत्राशीं माणसाचें मनमोकळें बोलणें होऊं शकेल काय, आणि झालें तर त्यामुळें माणूस माणसाच्या अधिक जवळ येईल काय, हा प्रश्न अगदीं नवा वाटतो. परंतु तो प्रथम ठळकपणें उभा राहिला १९६६ सालीं. त्या वर्षाच्या जानेवारींत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या विख्यात संस्थेंतले संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनीं आपल्या एका आज्ञावलीचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिचें नांव त्यांनीं 'एलायझा' ठेविलें होतें.

बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकांतील एलायझा ही फुलें विकणारी गरीब मुलगी शिकवणीच्या बळावर खानदानी स्त्रीसारखें बोलूं लागते. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळें ही कथा मराठी घरांतहि परिचित आहे. दिसणें आणि असणें यांतील अंतर हा त्या नाटकाचा विषय. वायझेनबॉम यांच्या यंत्राचाहि विषय तोच होता.

यंत्राची युक्ति साधी होती. मनुष्य टंकयंत्रावर वाक्य लिही. यंत्र त्यांतील एखादा ठळक शब्द हेरी, 'माझें'च्या जागीं 'तुमचें' घाली आणि तेंच वाक्य प्रश्नाच्या रूपानें परत करी. आईचा उल्लेख आला कीं कुटुंबाविषयीं अधिक सांगा म्हणे. कांहींच हातीं न लागल्यास, पुढें बोला, एवढेंच म्हणे. वायझेनबॉम यांनीं त्याला मानसोपचारकाची भूमिका दिली, कारण त्या संभाषणांत एका पक्षानें जगाविषयीं अज्ञान दाखविलें तरी तें अज्ञान न वाटतां कौशल्य वाटतें.

पुढें जें घडलें त्याची त्यांनीं अपेक्षा केली नव्हती. त्यांच्या चिटणीस बाईंनीं आज्ञावलीचें काम कित्येक महिने डोळ्यांनीं पाहिलें होतें. आंत समज नाहीं हें त्यांना ठाऊक होतें. तरीहि यंत्राशीं दोनचार वाक्यें होतांच त्यांनीं वायझेनबॉम यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितलें. हीं संभाषणें टिपून ठेवण्याची कल्पना निघाली, तेव्हां आपल्या खासगी विचारांवर ही हेरगिरी होय, असा आक्षेप लोकांनीं घेतला.

याच सुमारास केनेथ कोल्बी या मानसोपचारतज्ज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह, असें यंत्र तासाला कित्येक शें रुग्ण हाताळूं शकेल, अशी आशा व्यक्त केली. उपचारक थोडे आणि दुःखी माणसें फार, हें लक्षांत घेतां तो विचार केवळ यांत्रिक हौसेचा नव्हता.

वायझेनबॉम यांना मात्र तो असह्य झाला. १९२३ सालीं बर्लिनमध्यें ज्यू घरांत जन्मलेला हा मनुष्य १९३६ सालीं कुटुंबासह नाझी राजवटींतून निसटला होता. १९७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यांनीं आग्रहानें मांडलें कीं, यंत्राला एखादें काम करितां येतें कीं नाहीं हा एक प्रश्न, आणि तें त्याच्याकडे सोंपवावें कीं नाहीं हा निराळा. दुःख ज्यानें भोगलें आहे त्यालाच दुसऱ्याचें दुःख कळतें. आदर, समजूत आणि प्रेम हे तांत्रिक प्रश्न नव्हेत. २००८ सालीं निधन होईपर्यंत त्यांनीं ही भूमिका सोडली नाहीं.

२०२२ सालच्या नोव्हेंबरांत 'चॅट-जीपीटी' लोकांपुढें आलें. या यंत्राची घडण एलायझाहून सर्वस्वीं निराळी आहे; तें अफाट लिखाणावरून भाषेची धाटणी शिकलें आहे. पत्राचा मसुदा, परभाषेंतील निरोप, रागाच्या भरांतलें वाक्य सौम्य करणें, अशा कामीं तें दोन माणसांमधील वाट खरोखर सुकर करूं शकतें.

परंतु १९६६ चा धडा त्यामुळें जुना होत नाहीं. त्या बाईंना बोलावयाचें होतें, आणि यंत्रापुढें त्यांचें मन मोकळें झालें, हें खोटें नव्हे. खोलीबाहेर जावें लागलें तें मात्र जवळच्या माणसाला. यंत्रापाशीं जुळवलेले शब्द घेऊन मनुष्य पुन्हा दार उघडतो, कीं तें बंदच ठेवितो, यावरच त्या साहाय्याची किंमत ठरते.