गाडीला मोठी चाकं बसवताय? आधी टायरवरचा आकडा वाचायला शिका

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर१५ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि आपण ते सीरियल नंबरसारखं बघून सोडून देतो. खरं तर या एका ओळीत तीन वेगवेगळी मापं कोंबली आहेत. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ मात्र मिलिमीटर नाही, टक्के आहेत: टायरच्या बाजूच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. आणि १५ हा रिमचा व्यास, तोही इंचात! मिलिमीटर, टक्के, इंच, सगळं एकाच ओळीत. आमच्याकडे असा कोड कोणी रिव्ह्यूला पाठवला तर मी परत पाठवेन, पण जगभर हेच चालतं.

उदाहरणाला मारुती स्विफ्ट घेऊ. खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर१४ येतो, वरच्याला १८५/६५ आर१५. फोनमधला कॅल्क्युलेटर काढा. १६५ चे ८० टक्के १३२. साइडवॉल वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट, २६४. त्यात रिमचे १४ गुणिले २५.४, म्हणजे ३५५.६ मिळवा. चाकाचा एकूण व्यास ६१९.६ मिमी. दुसऱ्या टायरचा याच पद्धतीने ६२१.५ येतो. फरक जेमतेम ०.३ टक्के. कंपनीने रिम मोठा केला, पण चाक तेवढंच ठेवलं.

सगळा खेळ याच एकूण व्यासाचा आहे, कारण गाडीचा स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्यांवरून वेग काढतो. त्याच १५ इंची रिमवर २०५/६५ चढवला तर व्यास ६४७.५ होतो, मूळपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त. मग काटा १०० दाखवत असताना गाडी आधीपेक्षा ४ टक्के जास्त वेगाने पळत असते. ओडोमीटरही तेवढाच कमी मोजतो, आणि चाक पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासू शकतं. फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवायचा असा सर्वसाधारण नियम आहे. मी तर २ च्या पुढे जाऊ नका म्हणेन.

आता मोठ्या अलॉयकडे येऊ, कारण मला सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. स्विफ्टच्याच मापात १६ इंचाला १९५/५५ आणि १७ इंचाला २०५/४५ घेतला तर व्यास ६२० च्या आसपासच राहतो. म्हणजे हिशोब बरोबर. पण साइडवॉल बघा: १४ इंचाला १३२ मिमी, १५ ला १२०, १६ ला १०७, १७ ला फक्त ९२. खड्डा आणि रिम यांच्यामध्ये जी रबराची आणि हवेची गादी असते, ती ४ सेंटिमीटरने पातळ झाली. गाडी वळणावर घट्ट वाटेल, फोटोत भारी दिसेल. पण पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, तेव्हा झटका थेट रिमला बसतो. स्टीलचा रिम बहुधा वाकतो आणि ठोकून सरळ होतो. अलॉयला तडा जाऊ शकतो. साइडवॉलला फुगा आला तर पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायरच बदलावा लागतो. म्हणून रोज ऑफिसला न्यायच्या गाडीला माझं मत एक इंच, बास. तेही आधीच १५ असेल तर दोनदा विचार करून.

दुकानात तीन गोष्टी विचारा. रिमच्या बोल्टचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी, गाडीशी जुळलंच पाहिजे. मधल्या भोकाचं माप जुळलं पाहिजे, नसेल तर हबसेंट्रिक रिंग लागते. आणि ऑफसेट, जो रिमवर ईटी ४५ असा लिहिलेला असतो. तो फार कमी घेतला तर चाक मडगार्डच्या बाहेर येतं. मापानंतर ८८एच असं लिहिलेलं असतं, ते विसरू नका: ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत. मूळ टायरपेक्षा हे कमी घ्यायचं नाही, दुकानदार कितीही स्वस्तात देवो.

कायद्याचाही विचार करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलाच्या बाहेर जाऊन गाडीत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी जे माप देते, ते घेणं सगळ्यात सुरक्षित. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर स्टिकर असतं. त्यावर माप आणि हवेचा दाब दोन्ही लिहिलेले असतात. फोटो काढूनच दुकानात जा. विमा कंपनीलाही मेल करून कळवा.

बसवून झाल्यावर मागे तिघांना बसवा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून घासल्याचा आवाज येतो का ऐका. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी चालवा, शेजारी बसलेल्याला फोनवरचा जीपीएस वेग वाचायला सांगा आणि काट्याशी ताडून बघा. ५०-१०० किमी झाले की नट परत एकदा आवळून घ्या.