शिकारखान्यापासून निवाऱ्यापर्यंत

पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता. नाव शिकारखाना, पण ते होते प्राणिसंग्रहालयच. १७९० साली गंगाराम तांबट या पुण्यातल्या चित्रकाराने तिथल्या गेंड्याचे चित्र काढले. ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गेंडा काही पुण्याच्या परिसरातला प्राणी नव्हे. दूरचा प्राणी पदरी असणे हे वैभवाचे लक्षण होते.

पुढे १९५३ मध्ये पेशवे उद्यानात सर्वांसाठी प्राणिसंग्रहालय उघडले. प्राणी दरबारातून नागरिकांसमोर आले. हेतू मात्र पाहण्याचाच राहिला.

१९९८ मध्ये केंद्र सरकारने सर्कशीत वाघ, सिंह, बिबळे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर बंदी घातली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मग प्रश्न आला, या प्राण्यांनी जायचे कुठे? पिंजऱ्यात जन्मलेल्या सिंहाला शिकार येत नाही. त्यांच्यासाठी बंगळूरजवळ बन्नेरघट्टा आणि इतरत्र बचाव केंद्रे उभी राहिली. प्राणी लोकांना दाखवायचा नाही, मरेपर्यंत सांभाळायचा, हा विचार अशा केंद्रांमुळे रुजला.

परदेशी पाळीव प्राण्यांचा प्रश्न आणखी अवघड आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा मुख्यतः भारतीय प्राण्यांसाठी होता. मकाव, इग्वाना असे प्राणी त्याच्या याद्यांबाहेर राहिले. २०२२च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारातल्या प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली.

पण नोंदणीने निवारा मिळत नाही. लाल कानाचे अमेरिकन कासव घ्या. विकत घेताना ते नाण्याएवढे असते, वाढून थाळीएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. काचेची टाकी अपुरी पडली की घरच्यांना वाटते, नदीत सोडू. खराडीच्या मुलांना तर मुळा-मुठा जवळच आहे. पण तिथे ते स्थानिक कासवांचे अन्न आणि उन्हाला बसण्याच्या जागा बळकावते. म्हणजे आपण एकाला सोडतो आणि दुसऱ्याला हुसकावतो.

म्हणून अशा निवाऱ्यांना मदत करताना आपण हिशेब नीट मांडावा. सुटका एका दिवसात होते. खाणे, औषधपाणी, राखणदाराचा पगार वर्षानुवर्षे चालू राहतो. एकदाच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा दरमहा येणारी लहान रक्कम तिथे अधिक उपयोगी पडते. वर्गात हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा: एक कासव, तीस वर्षे, रोजचे खाणे. उत्तर आले की दुकानातले ते नाण्याएवढे पिल्लू त्यांना वेगळे दिसू लागेल.