घोडबंदर आणि बुजऱ्या घोड्याची शिकवण

(१) घोडबंदर हें ठिकाण वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर असून सांप्रत मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. पोर्तुगीजांनीं बांधलेला तेथील किल्ला १७३७ च्या मोहिमेंत मराठ्यांच्या हातीं आला व दोन वर्षांनीं, १७३९ च्या मे महिन्यांत, खुद्द वसई चिमाजी अप्पांनीं सर केली, हें वाचकांस अवगतच आहे. तो वृत्तांत पुन्हा सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आम्हांस प्रस्तुत लेखांत गांवाच्या नांवांतील पूर्वपदाचा, म्हणजे घोड्याचा, विचार कर्तव्य आहे.

(२) अरबस्तानांतून येणारे घोडे येथें उतरत, म्हणून गांवास हें नांव पडलें, अशी परंपरा आहे. केवळ नांवावरून इतिहास सिद्ध होत नाहीं. परंतु ह्या खाडीच्या आश्रयानें घोड्यांचा व्यापार चाले ह्यास स्वतंत्र आधार आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीचा प्रवासी मार्को पोलो ठाण्याविषयीं लिहितो कीं, तेथील राजाचा चांचे लोकांशीं करार होता: लुटींत सांपडलेले घोडे तेवढे राजाचे, बाकीचा माल चांच्यांचा. सोनें, कापड व मसाले सोडून जो राजा घोडाच मागतो, त्यास घोड्याची किती निकड असेल, हें निराळें सांगावयास नको.

(३) घोडे आले किती आणि विकले कितीला, ह्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. जहाजांतून उतरलेला घोडा पागेंत कामास येईपर्यंत मध्यें काय घडे, ह्याची चर्चा मात्र फारशी झालेली नाहीं. समुद्रप्रवासानें शिणलेलें, माणसें अनोळखी, दाणा अनोळखी, वास व आवाज अनोळखी, अशा स्थितींत तें जनावर काठावर उभें राही. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफनासी निकितीन ह्या रशियन व्यापाऱ्यानें होर्मुझहून एक घोडा चौलास आणला आणि घांट चढवून जुन्नरास नेला. घोड्यांस येथें हरभरे घालतात, व साखर आणि तेल घालून खिचडी शिजवून देतात, असें त्यानें नमूद केलें आहे. ज्यास दाणाच परका, त्यास साज किती परका वाटला असेल!

(४) हें न जाणल्यानें हानि किती होई, तेंही पोलोच सांगतो. दक्षिणेंतील माबारचा राजा दरसाल २००० हून अधिक घोडे विकत घेई. पण निगा राखण्याचें ज्ञान नसल्यामुळें वर्षाअखेर शंभर देखील उरत नसत. तेथें नालबंद नव्हते, व व्यापारी आपल्या देशचे नालबंद तिकडे जाऊं देत नसत. कारण घोडे मेले म्हणजे नवे खपत. पोलोच्या आंकड्यांत अतिशयोक्ति धरली, तरी मुद्दा खराच राहतो: घोडा विकत मिळतो, त्यास वागविण्याची विद्या विकत मिळत नाहीं.

(५) आतां कृष्णाजी अनंत सभासदाची बखर पहावी. शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था सांगतांना तो पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद देतो. पोलोनें सांगितलेली उणीव येथें पुरती भरून निघाली आहे. परंतु ह्या एका ओळींतूनच दुसरा प्रश्न उभा राहतो. पाय उचलून धरावा, त्यावर हातोडा चालावा आणि घोड्यानें स्वस्थ उभें राहावें, हें आपोआप घडत नाहीं. शिवाय बारगीर सरकारच्या घोड्यावर बसणारा. आज एक घोडा, उद्यां दुसरा. तेव्हां पागेंतील घोडा कोणाच्याही हातास व कोणत्याही खोगिरास न बुजणारा असावाच लागे. ही तयारी मोतद्दार व चाबुकस्वार ह्यांची. बखरींत नांवें सरदारांचीं राहिलीं. ह्यांचे शब्द तेवढे राहिले.

(६) पण ते शब्दच पुष्कळ सांगतात. मोहरकी, बागडोर, खोगीर, तंग, दुमची, जेरबंद, लगाम, रिकीब हीं नांवें क्रमानें लाविलीं, तर शिकवणीची परिपाटी डोळ्यांपुढें येते. प्रथम हात व खरारा. मग डोकीस मोहरकी. मग लांब बागडोरीवर वाटोळें फिरविणें, ज्यास कावा म्हणत. गनिमी काव्यांतील कावा तो हाच असावा, असें आम्हांस वाटतें. त्यानंतर खोगीर: आधीं हुंगावयास द्यावें, खांद्यास लावावें, काढावें, पुन्हा ठेवावें. तंग पहिल्यानें ढिलाच बांधावा आणि चार पावलें चालवून मग आवळावा. स्वार सर्वांच्या शेवटीं. अगाडी-पिछाडीचें बांधणें विशेष नाजूक. पळ हेंच ज्याचें रक्षण, त्याचे मागचे पाय जखडावयाचे असतात. आधुनिक अश्वज्ञांचें म्हणणेंही ह्याशीं जुळतें. घोड्याचे डोळे दोन्हीं बाजूंस असल्यामुळें त्यास ठीक पाठीमागचें दिसत नाहीं. म्हणून खांद्याकडून जवळ जावें. एका अंगानें ओळखीची झालेली वस्तु दुसऱ्या अंगानें नवी वाटते. म्हणून दोन्हीं अंगांनीं दाखवावी. आणि तो शांत झाला, कीं ती दूर करावी. म्हणजे शांत राहण्यांत सुटका आहे, हें त्यास कळतें.

(७) ही विद्या एका देशाची नव्हे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील ग्रीक सेनानी झेनोफन सांगतो कीं, घोडा ज्या वस्तूस भितो तिला आपण स्वतः हात लावावा व त्यास हळूच तिजकडे न्यावें. मारून नेल्यास वस्तूच्या भयांत माराचें भय मिळतें. आमच्या अग्निपुराणांत अश्ववाहनाचें प्रकरण असून तेथें घोड्याच्या कानांत, तूं गंधर्वकुळींचा, कुळास बट्टा लावूं नको, अशा अर्थाचा मंत्र सांगावयाचा आहे. मंत्राचें फल कांहीं असो. कानाशीं लागून शांत स्वरांत बोलणाऱ्या माणसाजवळ घोडा स्थिर होतो, हें कोणताही मोतद्दार सांगेल. ज्याच्या पदवींतच चाबूक आहे, त्या चाबुकस्वाराचें खरें कसब चाबूक न उचलण्यांत होतें, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

(८) संग्राहकांस एक विनंति करून हा लेख पुरा करितों. जयदत्ताचें अश्ववैद्यक एकोणिसाव्या शतकांतच कलकत्त्यास छापलें गेलें. तंजावरच्या सरस्वतीमहालांतील नकुलाचें सचित्र अश्वशास्त्र १९५२ सालीं प्रसिद्ध झालें. अशा ग्रंथांत लक्षणें, भोंवरे व रोग ह्यांचा विस्तार मोठा. बुजरा घोडा साजास कसा लाविला, हें पहावयाचें तर पागेचे हिशेब, मोतद्दारांचे रोजमुरे, खोगीर-तोबऱ्यांच्या खरेदीच्या यादी, असे किरकोळ कागदच चाळिले पाहिजेत. दप्तर निवडतांना असले कागद खोगीरभरती म्हणून बाजूस टाकण्याची चाल आहे. ती सोडावी. खोगिरांत भरती नसेल, तर घोड्याची पाठ सोलून निघते आणि भला घोडाही पुढें साज पाहतांच बुजतो. ही गोष्ट त्या अनाम मोतद्दारास पक्की ठाऊक होती, आणि इतिहास लिहिणारांनींही ती विसरूं नये.