गरोदरपणात अंडाशयाची गाठ : धोका ओळखा, वेळ साधा

गरोदरपणात अंडाशयात आढळणाऱ्या बहुतांश गाठी कर्करोगाच्या नसतात. सुरुवातीच्या पाण्याच्या साध्या गाठी बहुधा १६ आठवड्यांपर्यंत आपोआप विरतात. टिकून राहणाऱ्यांत ‘डर्मॉइड’ प्रकार वारंवार दिसतो. मोठी गाठही वाढत्या पोटाआड लपू शकते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी महत्त्वाची ठरते. ‘सीए-१२५’ या रक्तचाचणीचे प्रमाण गरोदरपणात एरवीही वाढते. केवळ त्यावरून निदान होत नाही.

गाठीला पीळ पडणे, ती फुटणे किंवा प्रसूतीच्या मार्गात तिचा अडथळा होणे, हे मुख्य धोके होत. शस्त्रक्रिया आवश्यक असल्यास साधारणतः १६ ते २० आठवड्यांचा काळ योग्य मानला जातो. तेव्हा गर्भपाताचा धोका कमी असतो आणि गर्भाशयही फार वाढलेले नसते. शक्य तेथे केवळ गाठ काढून अंडाशय राखले जाते.

मात्र पोटात एका बाजूस अचानक तीव्र वेदना व उलट्या झाल्यास आठवडे मोजत थांबू नये. गाठ असल्याचे कळताच पांढुर्णा व सौंसर परिसरातील कुटुंबांनी छिंदवाडा किंवा नागपूरला जाण्याची सोय आधीच ठरवावी. दरमहा ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून मोफत तपासणी होते. तेथे आधीचा सोनोग्राफी अहवाल अवश्य दाखवावा.