पाळणा आणि पाटी



पालघर-बोईसरच्या उद्योगधंद्यांचा इतिहास सांगायचा म्हटले की वक्ता बहुधा १९६९ सालापासून सुरुवात करतो. त्या वर्षी तारापूरच्या अणुवीजकेंद्राची वीज वाहू लागली, पाठोपाठ औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि जेथे भाताची खाचरे व गवताची कुरणे होती तेथे औषधांचे, रंगांचे, कापडाचे आणि पोलादाचे कारखाने आले. हे सारे खरेच आहे. पण धंदा म्हणजे भांडवल, जोखीम, गिऱ्हाईक आणि रोजचा हिशेब असे मानले, तर ह्या किनाऱ्यावर कारखानदाराच्या पुष्कळ आधीपासून धंदा करणारी एक व्यक्ती आहे. ती म्हणजे डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली कोळीण. तिच्या धंद्यासंबंधीचा एक साधा प्रश्न आपले इतिहासकार क्वचितच विचारतात. ती बाजारात असताना तिचे लहान मूल कोठे असे?

सातपाटी, मुरबे, केळवे, डहाणू ह्या गावांत पुरुषाने समुद्रावर जावे आणि बाईने मासळी विकावी ही वाटणी फार जुनी. होडी किनाऱ्याला लागली की पुरुषाचे काम बव्हंशी संपते आणि बाईचे सुरू होते. ओली मासळी तासातासाला उतरते. सकाळी जो भाव आहे तो दुपारी नाही. तेव्हा केव्हा विकावे, केव्हा दर पाडावा, उधारी कोणाला द्यावी, उरलेला माल मीठ लावून ठेवावा की उन्हात घालावा, हे सर्व निर्णय उभ्या उभ्या घ्यावे लागतात. आजच्या भाषेत ह्याला व्यवस्थापन म्हणतात आणि ते शिकविण्यासाठी मोठ्या विद्यालयांतून भारी शुल्क आकारतात. असो. सुक्या मासळीचे गणित ह्याहून दूरदृष्टीचे. पावसाळ्यात समुद्र बंद, नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर. त्या महिन्यांचा संसार उन्हाळ्यात बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांवर चालायचा. बोंबील वाळविण्याची जागा घराजवळ असे ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. हात कामात आणि नजर अंगणातल्या मुलावर, अशी सोय ह्या एका कामात होती.

१८६४ साली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग ह्या किनारपट्टीवरून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचला. पुढे पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू ही स्थानके म्हणजे बाजाराची दारे झाली. मासळी, केळव्या-माहीमची पाने, भाजी, पुढे डहाणू-घोलवडचे चिकू, सारे रुळांवरून मुंबईला जाऊ लागले. धंदा वाढला, पण घर आणि बाजार ह्यांमधले अंतरही वाढले. गावच्या बाजाराला गेलेली बाई मुलाला दूध पाजायला परत येऊ शकते, मुंबईला गेलेली येऊ शकत नाही. उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली ती २०१३ साली. तोवर विरारच्या पुढे शटल आणि पॅसेंजर गाड्यांवर भिस्त होती आणि एक गाडी हुकली तर परतीचा सारा हिशेबच कोलमडायचा.

मूल कोणाजवळ, ह्याचे उत्तर घराघरांतून एकच मिळते. म्हातारी सासू असेल तर तिच्याजवळ. नसेल तर थोरल्या मुलीच्या कडेवर. सात-आठ वर्षांची पोर, कडेवर दोन वर्षांचा भाऊ, हे चित्र आपल्यापैकी कोणी पाहिले नाही? आपण त्याचे कौतुकही करतो. पण आईच्या धंद्यात जे खरे भांडवल गुंतले होते ते ह्या मुलीचे होते. तिची शाळा त्यात गेली, आणि त्या भांडवलावर तिला व्याज कधीच मिळाले नाही.

ही गोष्ट प्रथम नीट ओळखली ती ह्याच भागात, आणि ओळखणाऱ्या दोघी बालशिक्षणाच्या क्षेत्रातल्या होत्या. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून, माँटेसरीची पद्धत आपल्या मातीत रुजविण्याचा ध्यास घेऊन आल्या होत्या. त्यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. सोबत अनुताई वाघ होत्या. जन्म १९१० चा, बालपणीच वैधव्य आलेले, आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी ह्या कामाला दिले. बालवाडी काढली, पण आदिवासी पाड्यांवरची मुले तेथे येईनात. कारण आळस नव्हता, अडाणीपणाही नव्हता. आई-बाप पहाटे कामावर जात, मोठी मुले धाकट्यांना सांभाळत किंवा गुरे राखत. मग ह्या बायांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, मग शंख-शिंपले, बिया, पाने घेऊन मोजायला शिकविणे. महागड्या साधनांच्या जागी परिसरातल्या वस्तू. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी फलकांवर दिसतो, त्याची मुळे ह्या अंगणांत आहेत.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे विकासवाडीची कल्पना आकाराला आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. मुलगी धाकट्या भावंडाला घेऊन आली तरी चालेल. भावंड पाळणाघरात, ती वर्गात. गुराख्यांसाठी शाळा कुरणात गेली, तिला कुरणशाळा म्हणत. मला ह्या योजनेत सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट अशी की, आईने काम सोडून घरी बसावे असा उपदेश तिच्यात कोठेच नाही. आई काम करणारच, हे गृहीत धरून बाकीची मांडणी केली आहे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८४ साली पद्मश्री. सरकारने १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी देशभर पसरली. पाळण्याचा भाग मात्र त्या वाटेत बराचसा गळाला.

आता कायद्याकडे वळू. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला. कौन्सिलात त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही संख्या तीसवर आणली. दोन्ही कायदे उत्तम. पण दोन्ही मजुरी करणाऱ्या बाईसाठी होते. जी स्वतःच मालक, स्वतःच कामगार, तिचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसल्यामुळे तिचे मूल कायद्याला दिसत नाही.

तिचा पैसा तरी तिचा होता काय? जुन्या धर्मशास्त्रात कात्यायनाने स्त्रीने शिल्पाने मिळविलेल्या धनावर पतीचे स्वामित्व सांगितले आहे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने बायकोची कमाई तिची स्वतःची ठरविली, पण हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन स्त्रियांना त्यातून वगळले. म्हणजे उरल्या किती ते आपणच मोजावे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्वतःच्या कौशल्याने वा श्रमाने मिळविलेली मालमत्ता पूर्णपणे स्त्रीची, असे स्पष्ट झाले. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात अनुसूचित जमातींना तो लागू नाही, असे म्हटले आहे. ज्या भागात वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी ह्यांची एवढी मोठी वस्ती आहे, तेथे हे कलम वाचून पुढे जाणे बरोबर नाही.

कारखाने आल्यावर बोईसरला नवा समाज आला. नोकरीसाठी दूरदूरहून आलेली ही जोडपी. त्यांच्या घरांत सासू नाही, नणंद नाही, शेजारीण नवी. बाईने शिवणयंत्र मांडले, डबे दिले, शिकवण्या घेतल्या, पापड-लोणची विकली, तर मूल तिच्या पायांतच घुटमळणार. पुढे वीजकेंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे हलली. किनाऱ्यालगतचे घर गेले की वाळवणाचे अंगण आणि मुलावरची नजर ही जुनी जोडीही मोडते. नुकसानभरपाईच्या तक्त्यात हिला रकाना नसतो.

घरबसल्या धंद्याचे आपल्याकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईचे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले, त्याची लिज्जत झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पहिल्या पावसाळ्यात चार महिने काम बंद पडले, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह पेटविण्याची युक्ती निघाली. आपल्या बोंबीलवाल्या बाईला ही अडचण लगेच समजेल! तिसऱ्या वर्षी बायका तीनशेवर गेल्या, गच्ची पुरेना, म्हणून मळलेले पीठ वाटून देऊन घरी लाटून आणण्याची रीत पडली. ही रीत मुलांचा विचार करून घातली गेली नाही, जागेच्या टंचाईतून आली. पण तिच्यामुळेच तान्ह्या मुलांच्या आयांना हा धंदा जमू लागला. आरंभी लहान मुलीही सभासद होत. पुढे अठरा वर्षांची मर्यादा घातली, हे फार बरे झाले. घरच कारखाना झाले की थोरल्या मुलीच्या हाती प्रथम भावंड आणि मग लाटणे येते, हा धोका अशा प्रत्येक धंद्यात आहे.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांना प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि एकमेकींच्या जामिनावर त्यांना बँकांची कर्जे मिळवून दिली. सावकाराचा फास त्यामुळे सैल झाला. पुढे बचत गटांनी हेच गावोगाव केले आणि पालघरही त्याला अपवाद नाही. ह्या साऱ्या चळवळीने पैशाचा प्रश्न बराच सोडविला. वेळेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही.

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले दिवसाचे काही तास बसतात. त्याहून लहानांना घरी नेण्यासाठी आहार मिळतो, सांभाळणारे हात मिळत नाहीत. काम करणाऱ्या आयांच्या सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी केंद्राची पाळणाघर योजना २००६ साली आली आणि २०२२ नंतर ती पाळणा ह्या नावाने पुढे चालली. सातपाटीच्या बंदरावर मासळीची उलाढाल होडीच्या आणि भरती-ओहोटीच्या वेळेवर होते, कचेरीच्या घड्याळावर नव्हे. तेथे पाळणाघर काढायचे तर ते भल्या पहाटे उघडावे लागेल, आणि त्याचा दरवाजा लिलावाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर असावा लागेल.