खासबाग : मातीचा आणि मल्लांचा निरोप

अमेरिकेतील महाविद्यालयांत बास्केटबॉलच्या हंगामाचा घरच्या मैदानावरील अखेरचा सामना हा निव्वळ सामना नसतो. शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या खेळाडूंना त्या दिवशी आईवडिलांसह मैदानाच्या मध्यभागी आणले जाते आणि प्रेक्षक उभे राहून त्यांना निरोप देतात. एखाद्या वर्षी जुने क्रीडागृहच सोडायचे असले, तर एकाच संध्याकाळी दोन निरोप घडतात : वास्तूचा आणि तिच्यात घडलेल्या मुलांचा. १८९१ साली स्प्रिंगफिल्ड येथील ख्रिस्ती युवक संघाच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ प्रथम खेळविला आणि त्याच संघामार्फत तो आपल्या देशातही रुजला. खेळ आला, निरोपाचा तो विधी मात्र आला नाही.

आपल्याकडे, निदान कोल्हापुरात, मल्ल आखाड्याचा निरोप घेत नाही. लंगोट खुंटीला लागला की तो हौद्याच्या काठावर बसतो आणि वस्ताद होतो. म्हणून निरोपाचा प्रश्न इथे वेगळ्या रीतीने विचारावा लागतो. मल्ल राहिले आणि मातीच गेली, तर कोणी कोणाचा निरोप घ्यायचा?

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त विलायतेस गेले. त्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले. तसे मैदान आपल्या राजधानीत असावे ही कल्पना तेथे सुचली, असे कोल्हापूरचा इतिहास सांगतो. १९०७ मध्ये आरंभलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी हौदा आणि सभोवार वर चढत गेलेली, उतरती बैठक अशी त्याची रचना. कोणाच्या डोक्याआड कुस्ती जात नाही. आखाड्यापाशी बसलेला सरदार आणि वरच्या कडेला टेकलेला शेतकरी यांना एकच डाव सारखाच दिसावा, ही सोय मला महाराजांच्या साऱ्या राज्यकारभाराशी सुसंगत वाटते. १९०१ पासून त्यांनी वसतिगृहे उभारून खेड्यातील मुलांना शहरात आणले, तालमींना आश्रय देऊन त्यांच्या अंगात बळ भरले आणि मग ते बळ सर्वांनी पाहावे म्हणून मैदान बांधले. मैदानाला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. आज ते संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह या नावाने ओळखले जाते. गाणे आणि कुस्ती एका भिंतीच्या दोन बाजूंना नांदावीत, असे गाव विरळा.

या परंपरेतूनच एक महाविद्यालयीन विद्यार्थी जगापुढे गेला. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव शालेय शिक्षण कऱ्हाडास संपवून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांना कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य मिळाले. तेथे ते सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादी नवी होती आणि गुणांचे नियमही नवे होते. आपल्याकडे कुस्ती निकाली, म्हणजे पाठ जमिनीला लागली की संपली. तिकडे पंच क्षणाक्षणाचा हिशेब ठेवतात. हा फरक किरकोळ नव्हे. एका पद्धतीत धीर धरणारा जिंकतो, दुसरीत घाई करणाराही जिंकू शकतो.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या वेळी प्रवासखर्चाची तरतूदच होईना. शासनाचे दार ठोठावून झाले. गावोगाव वर्गणी गोळा झाली. अखेर राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. अमेरिकेतील महाविद्यालये आपल्या खेळाडूंना टाळ्यांच्या गजरात निरोप देतात. आपल्या एका प्राचार्याने घराच्या उंबरठ्याची किंमत मोजून दिलेला हा निरोप मला त्याहून मोठा वाटतो. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. सुवर्णपदक ज्यांना मिळाले त्या जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची झुंज झाली होती. परतल्यावर कुस्त्या लढवून त्यांनी प्राचार्यांचे ऋण फेडले, असे कोल्हापुरात आवर्जून सांगतात. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात दाखल झाले आणि १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला आज त्यांचे नाव आहे. त्या सभागृहात अर्थातच गादी आहे.

खाशाबांनंतरच्या पिढीने खासबागेला पुन्हा वैभव दिले. चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापुरात येऊन घडले आणि १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी. १९६२ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि मुक्त शैलीत रौप्यपदक मिळविले. म्हणजे मातीचा मल्ल गादीवरही उभा राहू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी किती मुले घडविली याची मोजदाद अवघड आहे. आंदळकर २०१८ च्या सप्टेंबरात गेले, खंचनाळे २०२० च्या डिसेंबरात. एक सांगली जिल्ह्याचे, दुसरे कर्नाटकाच्या हद्दीतले. कोल्हापूरने दोघांनाही आपलेच म्हटले. सीमावादाच्या चर्चेत हे कोणी लक्षात घेत नाही, ते असो.

मातीचे काय? तांबडी माती चाळून तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर मिसळायचे, पहाटे ती उकरायची, लढतीआधी मूठभर एकमेकांच्या अंगावर टाकायची, हे सारे तालमीत अजून चालते. परंतु देशाच्या संघात जागा हवी असेल, तर मुलाला गादीवर उतरावेच लागते. महाराष्ट्र केसरी स्पर्धेने माती आणि गादी असे दोन विभाग ठेवून तडजोड केली आहे. ती मला प्रामाणिक वाटते, टिकाऊ वाटत नाही. कोवळ्या वयाच्या मुलाला दोन शास्त्रे एकदम शिकविणारा वस्ताद दुर्मीळ आणि त्याला पोसणारा आश्रयदाता त्याहून दुर्मीळ.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. लाकडी काम, छप्पर, रंगमंच जळून गेले आणि खासबागेच्या व्यासपीठाकडील भागालाही झळ पोहोचली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. रंगकर्मी कोळशासमोर जमले आणि अनेकांना रडू आवरले नाही. शासनाने नाट्यगृह पूर्ववत उभारण्याची घोषणा केली. नाटकवाल्यांना आपल्या वास्तूसाठी निदान रडता आले. भिंतीपलीकडचा हौदा जळण्यासारखा नव्हताच. माती तशीच राहिली, आणि तिच्यासाठी कोणी जमले नाही.