लांबट चेहऱ्याचं कपाळ

आमच्या घरी आजीचे दोन फोटो आहेत. पहिल्यात ती नऊवारीत, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे आणि कपाळाच्या मधोमध रुपयाएवढं कुंकू आहे. दुसरा आजोबा गेल्यानंतरचा. पदर जरा मागे सरकलेला, कपाळ मोकळं. हा दुसरा फोटो निघाला की घरातलं कोणीतरी हमखास म्हणायचं, "किती ओढला गेला बघ चेहरा. लांबलाच." मीही तेच धरून चालले होते. पुढे पार्लर चालवायला लागल्यावर, एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून, पट्टी घेऊन दोन्ही फोटो मोजले. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतची लांबी आणि गालांपाशी असलेली रुंदी यांचं प्रमाण दोन्हींत जवळपास तेच निघालं, दीडपटीहून थोडं जास्त. चेहरा लांबला नव्हता. कपाळावरची एक गोष्ट गेली होती.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नव्हे. १९९१ साली ब्यूटिशियनचा कोर्स केला, तेवढंच रीतसर शिक्षण. त्या कोर्सची वही अजून आहे. तीत शिक्षिकाबाईंनी सात चेहरे काढून दिले होते: अंडाकृती, गोल, चौकोनी, आयताकृती, त्रिकोणी, बदामी, हिऱ्याच्या आकाराचा. अंडाकृतीपुढे 'आदर्श' लिहिलेलं आणि बाकी सहांपुढे 'दुरुस्ती'. आयताकृती म्हणजे लांबी जास्त, आणि कपाळ, गाल, जबडा साधारण एकाच रुंदीचे. त्याची दुरुस्ती अशी: डोक्यावर केसांचा उंचवटा नको. मधला भांग आणि सरळ लांब सोडलेले केस नकोत, त्यानं उभी रेघ आणखी लांबते. भांग बाजूला घ्यावा, कानांपाशी केसांना फुगवटा द्यावा, जबड्याच्या कोपऱ्यांवर लाटा याव्यात. आणि सगळ्यांत हुकमी उपाय म्हणजे कपाळावर झुलपं. आडव्या रेषेनं उभी लांबी तुटते.

हे नियम खोटे नाहीत, मी तीस वर्षं वापरले. प्रश्न त्या 'दुरुस्ती' शब्दाचा आहे. १९३२ साली हॉलिवूडमध्ये मॅक्स फॅक्टर या रंगभूषाकारानं चेहरा मोजायचं एक यंत्र पुढे आणलं. धातूच्या पट्ट्यांचा आणि स्क्रूंचा पिंजराच तो, नटीच्या डोक्यावर बसवायचा. डोळ्यांना सहसा न जाणवणारा फरक पडद्यावर मोठा होऊन दिसतो, तो आधीच हेरून रंगानं झाकायचा, हा हेतू. म्हणजे दोष होता तो भिंतीएवढ्या चेहऱ्याचा. माजघरात वावरणाऱ्या बाईला तो मुळात लागू होत होता का, हे कोणी विचारलं नाही.

आपल्याकडे ही दुरुस्ती घरोघर पोचली ती १९६० साली, 'लव्ह इन सिमला'मधून. साधनाचं कपाळ रुंद, म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी तिला ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर झुलपं कापायला लावली. हेपबर्न 'रोमन हॉलिडे'त (१९५३) न्हाव्याच्या दुकानात बसून केस कापून घेते, ते अनेकांना आठवत असेल. साधनाच्या चेहऱ्याला आयताकृती म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल. अडचण कपाळाची होती आणि तोडगा आमच्या वहीतलाच. 'साधना कट' हे नाव त्यानंतर तिच्यापेक्षाही जास्त घरांत गेलं असेल. गंमत अशी की त्या सिनेमात साध्या दिसणाऱ्या नातीला नटायला उद्युक्त करणारी आजी दुर्गा खोटे आहेत. आमच्या घरातल्या आज्या तर 'कपाळावर झिपऱ्या घेऊ नका' म्हणत काठी घेऊन उभ्या होत्या!

त्याच १९६० साली बिमल रॉय यांचा 'परख' आला. त्यात साधना खेड्यातल्या पोस्टमास्तरची मुलगी आहे, साधी साडी, मागे बांधलेले केस. कपाळ तेच. ते झाकायला हवं होतं असं मला एकाही प्रसंगात वाटलं नाही.

आता परत आजीकडे. पहिला फोटो वहीतल्या नियमांनी वाचला तर थक्क व्हायला होतं. मेणावर पिंजर दाबून लावलेलं मोठं कुंकू कपाळाच्या ऐन मध्यावर आहे, हल्लीच्या टिकलीसारखं भुवयांमध्ये उतरलेलं नाही. ते उंच कपाळाचे सरळ दोन भाग करतं. झुलपांचं निम्मं काम तिथेच झालं. कानात मोत्यांच्या कुड्या, लोंबत्या नव्हेत, कानाच्या पाळीला चिकटून रुंदी वाढवणाऱ्या. नथ गालाकडे पसरलेली. खोपा मानेवर, म्हणजे माथ्यावर उंची नाही, आणि त्यातला गजरा समोरूनही दोन्ही कानांमागे दिसतो. आजीनं कुठलाही कोर्स केला नव्हता. हा साज तिच्या एकटीच्या चेहऱ्यासाठी बेतलेलाही नव्हता, गोल चेहऱ्याच्या जावेच्या अंगावरही तोच असे. पण लांबट चेहऱ्याला तो फार शोभला, एवढं नक्की.

आणि मग एका दिवसात तो सगळा काढला गेला. कुंकू, नथ, कुड्या, गजरा. माझ्या वहीतल्या भाषेत सांगायचं तर आडव्या रेषा सगळ्या गेल्या आणि पदराच्या दोन उभ्या कडा तेवढ्या चेहऱ्यालगत आल्या. कोणाला काय शोभतं याआधी कोणाला काय घालायची मुभा आहे, हे ठरलेलं होतं. घरातले लोक दुःखानं चेहरा लांबला म्हणत राहिले. दुःख होतंच. पण लांबवला तो घरानं.

पार्लरमध्ये एकदा लग्न ठरलेली मुलगी आली, चेहरा आजीच्याच घडणीचा. मी आनंदानं झुलपं कापली. दुसऱ्या दिवशी तिची आई दारात. "अहो ताई, मळवट भरायचा कुठे?" त्यांच्याकडे नवरीचं कपाळ कुंकवानं भरतात, हे मी विचारलंच नव्हतं. चूक माझी. झुलपं बाजूला वळवून पिनांनी बसवली, वाकड्या भांगात जिरवली. लग्नाच्या सकाळी मुंडावळ्या बांधताना लक्षात आलं की ती मोत्यांची आडवी ओळ झुलपांचंच काम करते. फक्त दोन्ही बाजूंना लोंबणारे पदर उभ्या रेषा काढतात, म्हणून ते जरा कानांमागे सरकवले. आईनं ते पुन्हा पुढे ओढले. मी गप्प बसले.

महिन्याभरानं मुलगी लग्नाचा अल्बम घेऊन आली. पट्टी टेबलाच्या खणात होती. तिच्यासमोर काढली नाही.